मुंबईचा वसंत

मुंबई, फाल्गुन

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

बंगळुरूच्या रस्त्यांवर फुललेल्या गुलाबी टॅबेबुयाची तू पाठवलेली छायाचित्रे पाहिली. झाडे देखणी आहेत यात वाद नाही, परंतु ‘मुंबईला वसंत नसतोच, उन्हाळा संपला की पाऊस’ असे जे तू खाली लिहिले आहेस ते मला मान्य नाही. तुझे हेच झाड विक्रोळीला पूर्व द्रुतगती महामार्गाच्या कडेने रांगेने उभे आहे आणि थंडी ओसरू लागली की तेही असेच गुलाबी होते. तू चैत्रात चार दिवस येणार आहेस, तेव्हा यंदा मॉलमध्ये न जाता माझ्याबरोबर फिर, एवढी विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

आपल्या शहरातला वसंत हप्त्याहप्त्याने येतो, म्हणून तो चुकतो. आधी काटेसावर पाने टाकून लाल होते आणि मैना, कावळे, शिंजीर तिच्या फुलांवर तुटून पडतात. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात पळस आणि पांगारा पेटतात. मग सोनमोहराच्या पिवळ्या पाकळ्यांचा थर पदपथावर साचू लागतो. आणि एप्रिल-मेच्या काहिलीत, माणसे घराबाहेर पडायला तयार नसताना, बहावा आपले सोनेरी घोस सोडतो, पाठोपाठ ताम्हण जांभळे होते आणि गुलमोहर सगळ्यांवर कडी करतो. ताम्हण हे आपले राज्यपुष्प आहे, हे शाळेत तू पाठ केले होतेस. झाड मात्र ओळखता येत नव्हते. तो दोष तुझा नाही. पाहायला कोणीतरी शिकवावे लागते.

मला ते जहांगीर आर्ट गॅलरीने शिकवले. फोर्टातल्या कचेरीत नोकरी करीत असताना जेवणाच्या सुट्टीत डबा लवकर आटोपून मी तिथे जात असे, कारण प्रवेशाला पैसे पडत नसत आणि आत पंखा असे. (खरे कारण पंखाच होता, हे आता सांगायला हरकत नाही.) 1952 साली ही गॅलरी उघडली तेव्हापासून तिथे नामवंतांची चित्रे लागली आहेत, तशीच वर्षानुवर्षे तारखेची वाट पाहून पहिले प्रदर्शन मांडणाऱ्या अनोळखी चित्रकारांचीही लागत आली आहेत. तुला वाटते तसे तिथे काही ‘कळावे’ लागत नाही. भिंतीवरचे लांबलचक इंग्रजी निवेदन वाचू नये, किमतीचा कागद तर मुळीच पाहू नये. दालनाला एक फेरी मारावी, ज्या चित्रापाशी पाय थबकतील त्याच्यासमोर उभे राहावे आणि बाकीची खुशाल सोडून द्यावीत. जलरंगातल्या एका निसर्गचित्रात झाडाखालची सावली निळसर-जांभळी रंगवलेली पाहून मला वाटले होते की चित्रकाराने हे मनाने घातले आहे. बाहेर येऊन भर उन्हात पिवळ्या पाकळ्यांवर पडलेली सावली पाहिली, तर ती खरोखरच तशी होती. त्यानंतर मी कोणत्याही फुललेल्या झाडाला ‘लाल’ किंवा ‘पिवळे’ एवढेच म्हणून सोडून देऊ शकले नाही.

तू आलीस की सकाळी लवकर भायखळ्याला उतरून आधी राणीच्या बागेत जाऊ. लोक तिथे पेंग्विन पाहायला जातात, जाऊ देत. 1861 पासूनची ही बाग मुळात वृक्षांची आहे. ब्रह्मदेशातून आलेली उर्वशी तिथे फुलते, लालसर झुंबरे लोंबावीत तशी. बहर टिकून असला तर तुझे नशीब. कैलासपतीची फुले मात्र थेट खोडावर येतात आणि त्यांचा वास तुला लांबूनच कळेल. तिथेच लागून डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे, 1872 साली खुले झालेले आणि 2008 मध्ये जीर्णोद्धारानंतर पुन्हा उघडलेले. त्याच्या आवारात घारापुरीचा दगडी हत्ती आहे आणि ज्याच्यावरून फोर्टातल्या जहांगीरजवळच्या भागाला काळा घोडा हे नाव पडले तो सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळाही 1965 पासून त्या परिसरात आहे. म्हणजे खरा काळा घोडा भायखळ्याला, आणि 2017 साली बसवलेला बिनस्वाराचा नवा घोडा काळा घोड्याला. मुंबईचा कारभार असा आहे.

दुपारचे ऊन वाढले की लोकलने सीएसएमटी गाठून काळा घोड्याकडे वळू. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात लघुचित्रांच्या दालनात मला तुला थोडा वेळ थांबवायचे आहे, कारण नखाएवढ्या जागेत फुललेली वेल रंगवणाऱ्या त्या माणसांनी झाड किती निरखले असेल, हे तिथे उभे राहिल्यावरच कळते. समोरच राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे. 1911 च्या कावसजी जहांगीर सभागृहात ते 1996 साली सुरू झाले, आणि वर्तुळाकार जिन्याने वर वर चढत घुमटाखाली पोचताना चित्रांइतकीच ती वास्तूही पाहावी. संध्याकाळी जहांगीर आणि तिच्या बाहेरचा पदपथ. तिथे आपली चित्रे मांडून बसणाऱ्या चित्रकारांशी दोन शब्द बोलल्याशिवाय आपण निघायचे नाही.

तोवर तुझ्या बाजूने एक कर. बंगळुरूहून म्हैसूर काही लांब नाही. तिथल्या जगनमोहन राजवाड्यातील दालनात सावळाराम हळदणकरांचे, हातातल्या दिव्याची ज्योत तळव्याआड धरून उभ्या असलेल्या स्त्रीचे जलरंगातील चित्र आहे. पुष्कळ लोक ते राजा रविवर्म्याचे समजतात. हळदणकर मूळचे सावंतवाडीचे, जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले, आणि त्या चित्रासाठी उभी राहिली होती त्यांची स्वतःची मुलगी गीता. तळव्याच्या कडांमधून झिरपणारा तो तांबूस प्रकाश पाहा. तेलरंगात चूक झाली तर झाकता येते, जलरंगात तसे करता येत नाही, हे मनात ठेवून पाहा आणि काय दिसले ते मला कळव. छायाचित्र पाठवू नकोस, लिहून पाठव.

येण्याची तिकिटे काढताना एवढे ध्यानात ठेव, की बुधवारी भाऊ दाजी लाड संग्रहालय बंद असते आणि सोमवारी आधुनिक कला संग्रहालय. रविवारही नको, कारण त्या दिवशी दुरुस्तीसाठी लोकल बंद ठेवणारा मेगाब्लॉक असला तर आपला निम्मा दिवस फलाटावर जाईल. गुरुवार किंवा शुक्रवार ठरवू. पायात सुती मोजे आणि जुनी, सैल चप्पल-बूट काहीतरी असू दे, आणि बाबांना अजून काही बोलू नकोस. त्यांना बरोबर न्यायचे की नाही, ते मी ठरवले नाही.

तुझी,
आई