बाबांचा नंदी

चि. लेकीस,
अनेक आशीर्वाद.

परवा तू फोनवर म्हणालीस, "आई, माझा लाकडी नंदी कुरिअरनं पाठवून दे, तान्ह्या पोळ्याला पोरीला पाहिजे." मी हो म्हटलं आणि फोन ठेवला. मग माळ्यावरून तो काढला, पुसला, आणि त्याच्यापाशीच बसून राहिले. कुरिअर मी करणार नाही, बाई. तू तेव्हा पाच वर्षांची होतीस, तुला सगळं कुठून आठवणार! म्हणून लिहिते.

तुझे बाबा नागपुरात रेल्वेच्या मोतीबाग वर्कशॉपमध्ये खलाशी, म्हणजे मदतनीस म्हणून लागले आणि मिस्त्री होऊन रिटायर झाले. छोट्या लाईनच्या डब्यांचं सुतारकाम त्यांच्याकडे. अडीच फुटांच्या रुळावर चालणारी ती गाडी. लोक तिला हळू म्हणून हसत, पण हे कधी तिला 'छोटी' म्हणायचे नाहीत, 'आपली गाडी' म्हणायचे. लग्नानंतर पहिल्या पावसाळ्यात त्यांनी मला त्या गाडीनं छिंदवाड्याला नेलं. इतवारीहून निघालो. सावनेर गेलं, सौंसर गेलं, रामाकोना गेलं, आणि घाट लागला तसा पाऊस कोसळायला लागला. समोरच्या बाकावर एक म्हातारी भिजत होती, खिडकीची झडप काही केल्या खाली येईना. हे उठले, खिशातून मेणबत्तीचा तुकडा काढला, झडपेच्या खाचेत वरून खालपर्यंत घासला, दोनदा हलवलं, आणि झडप सरकन खाली. मी म्हटलं, "सुटीवर आहात न तुम्ही?" तर म्हणाले, "लाकूड पाणी पिऊन राहिलं, ते काय माझी सुटी पाहते?" एकोणीस वर्षांची होते मी. नवरा कसा आहे ते मला त्या दिवशी कळलं. मेणबत्तीचा तुकडा त्यांच्या खिशात शेवटपर्यंत असायचा; शर्ट धुवायला टाकताना मी आधी खिसा चाचपायची. अजून हात जातो.

आता नंदीचं. 1991 साल असावं, आपण क्वार्टरमध्ये राहायचो. तान्ह्या पोळ्याच्या, म्हणजे मारबतीच्या दिवशी सकाळी त्यांनी तुला खांद्यावर घेऊन इतवारीत नेलं होतं, मिरवणुकीतले काळ्या आणि पिवळ्या मारबतीचे दोन्ही पुतळे दाखवले. "घेऊन जा गे मारबत" ओरडून तुझा घसा बसला होता. संध्याकाळी गल्लीतली पोरं आपापले लाकडी बैल ओढत तोरणाकडे निघाली आणि तू दारात उभी राहून रडायला लागलीस. मी तुला समजावत होते की बैल पोरांचे असतात. तेव्हा असंच होतं, आमच्या गल्लीत तरी. बाबांनी विचारलं, "काहून रडून राहिली?" मी सांगितलं. ते काही बोलले नाहीत. मला वाटलं, विसरले.

पुढच्या वर्षी श्रावण लागला आणि पगाराच्या दिवशी ते लकडगंजातून सागाचा एक ठोकळा घेऊन आले. वर्कशॉपमध्ये तुकड्यांचे ढीग असत. शेजारच्या भाऊंनी विचारलंही, "मिस्त्री, लाकूड विकत काहून आणता?" ते म्हणाले, "ते डब्याचं आहे." घरात रेल्वेचा एक खिळा आला नाही कधी, हे तुला माहीत असावं म्हणून मुद्दाम लिहिते. आपल्या घरी तेव्हा महिनाअखेरीला वाण्याची उधारी असायची, तरी नाही.

तीन आठवडे रोज रात्री ते व्हरांड्यातल्या बल्बखाली बसायचे. वशिंड दोनदा मोडून केलं. महाल भागात भोसल्यांच्या वाड्यावरचा मोठा नंदी पाहून आले आणि म्हणाले, "मान चुकली माझी." मग मान पुन्हा तासली. डोळ्यांना मी काजळ लावलं, झूल माझ्या लग्नातल्या ब्लाऊजपिसाची.

तू दोरी धरून तोरणाखाली गेलीस तेव्हा एक वडीलधारे म्हणाले, पोरीचा बैल रांगेत नको. बाबांनी वाद घातला नाही. तुला घेऊन रांगेच्या शेवटी गेले, दोरीला तुझ्या हातावर आपला हात ठेवला आणि पूर्ण पूजा होईपर्यंत तसेच वाकून उभे राहिले. सहा फुटांचा माणूस, गुडघ्याएवढ्या नंदीपाशी वाकलेला! नंतर घरोघरी बोजारा, म्हणजे बैल घेऊन आलेल्या पोरांना देतात तो खाऊ-पैसा, मागायलाही तेच सोबत आले. पुढल्या वर्षी गल्लीत आणखी दोन पोरींचे बैल होते.

2015 च्या अखेरीस छिंदवाड्याची लाईन बंद झाली, तेव्हा ते रिटायर होऊन दोन वर्षं झाली होती. शेवटची गाडी पाहायला सगळे मित्र इतवारीला गेले, हे गेले नाहीत. दिवसभर गच्चीवर कूलरची फ्रेम रंधत बसले, डिसेंबर तोंडावर आणि कूलर! मी चहा नेला, शेजारी बसले, काही विचारलं नाही. 2019 ला नागभीडची लाईनही थांबली. त्यानंतर महिन्यातून एकदा ते मोतीबागेच्या म्युझियममध्ये जायचे. एकदा मी सोबत गेले. डब्याच्या बाकावर हात फिरवत होते, जसा जनावराच्या पाठीवरून फिरवतात.

त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. या उन्हाळ्यात कूलरच्या ताट्या मी एकटीनं बदलल्या. त्यांनी केलेली फ्रेम होती, एक स्क्रू ढिला नव्हता.

तर तू पोळ्याला ये. सुटी मिळत नसेल तर मी येते, नंदी मांडीवर घेऊन येईन. शिंगाला बेगड नवी लाव, झूल तुला हवी ती कर. पण मागचं डावं चाक डुगडुगतं, ते पाहून कोणाला ठोकायला देऊ नकोस. पोळा पावसात येतो, लाकूड फुगतं, म्हणून त्यांनी तेवढी जागा सोडली आहे.

तुझी,
आई