इंजिनाच्या झाकणाला काठीचा टेकू नको

महोदय,

स्पीडबोटीच्या इंजिनावरचे जड झाकण काठीच्या टेकूवर उघडे ठेवून खाली काम करणे म्हणजे बोटे गमावण्याची तयारी. डिकीला असतात तसे गॅस स्ट्रट, म्हणजे नळीतल्या दाबाखालच्या नायट्रोजनने दांडा बाहेर ढकलून झाकण उचलून धरणारे टेकू, इथेही बसतात, पण जुन्या गाडीचे काढून लावू नयेत. जोर मोजूनच घ्यावा.

झाकण ३० किलोचे, बिजागरीपासून त्याचा भारमध्य ५० सेंटिमीटरवर आणि स्ट्रटच्या रेषेचे बिजागरीपासून लंब अंतर २० सेंटिमीटर असेल, तर एकूण सुमारे ७३५ न्यूटन लागतात. म्हणजे दोन्ही बाजूंना ४००-४०० न्यूटनचे पुरतात. एकच लावला की झाकण पिळवटते. झाकण बंद असताना दांडा खाली राहील असे बसवावे, म्हणजे दांड्याभोवतीचे, वायू अडवणारे सील आतल्या तेलाने ओले राहते. फायबरमध्ये नुसते स्क्रू टिकत नाहीत; आरपार बोल्ट, मागे पट्टी आणि भोकांत सीलंट हवे. दांडा ३१६ स्टेनलेसचाच घ्यावा. साध्या दांड्याला खाऱ्या हवेत खड्डे पडतात, ते सील कापतात आणि नायट्रोजन निसटतो. मग झाकण कधी खाली येईल, नेम नाही. म्हणून एका स्ट्रटला तरी लॉकची नळी, म्हणजे उघड्या दांड्यावर बसून त्याला आत जाऊ न देणारी नळी, असावीच.

निकामी स्ट्रट कापू किंवा तापवू मात्र नये. आत दाब असतो.

– एक वाचक, अलिबाग