पहिल्या उत्तराची किंमत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ऑनलाइन समूहांत फुकट राबणाऱ्यांना 'रिकामटेकडे' म्हणायची सवयच पडली आहे. मला ते मनापासून खटकतं, कारण गेली काही वर्षं मी त्यांच्यातलीच एक आहे.

'आयनॅचरलिस्ट' या संकेतस्थळावर लोक दिसलेल्या जिवांचे फोटो टाकतात आणि इतर सदस्य ते ओळखून देतात. तिथे मी पहिला फोटो टाकला तो खिडकीच्या गजावर बसलेल्या एका करड्या जिवाचा. खाली 'फुलपाखरू' लिहून मोकळी झाले. तासाभरात एका अनोळखी माणसाचं उत्तर आलं : 'मिशा बघा. फुलपाखराच्या मिशीला टोकाशी गाठ असते. याच्या पिसासारख्या आहेत, म्हणजे पतंग.' फोटो मोठा करून पाहिला, तर खरंच, कंगव्याच्या दातांसारखी बारीक केसांची रांग! चूक दाखवली होती, पण हिणवलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा त्या गजापाशी. आता नवख्यांचे पतंग मी ओळखून देते.

यात पैसा नाही की नाव नाही. आपण जे पाहिलं ते दुसऱ्या कुणी तितक्याच बारकाईने पाहिलं, एवढंच पुरतं. विकिपीडियावर भरपूर काम करणाऱ्या काही जणांना संशोधकांनी चिठ्ठ्या टाकाव्यात तसं निवडून 'बार्नस्टार' हे शाबासकीचं चिन्ह दिलं. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात, ज्यांना चिन्ह मिळालं नाही त्यांच्यापेक्षा या मंडळींचं काम सुमारे ६० टक्क्यांनी जास्त भरलं. चिन्ह म्हणजे काय, तर पानावरचं एक चित्र आणि आभाराच्या दोन ओळी.

याची दुसरी बाजू मात्र वाईट आहे. इंग्रजी विकिपीडियावर नियमित लिहिणाऱ्यांची संख्या २००७ च्या सुमारास शिखरावर पोचली आणि मग ओसरत गेली. चांगल्या हेतूने आलेल्या नवख्यांचं लिखाण झटपट, कित्येकदा यंत्राच्याच मदतीने, खोडलं जाणं हे त्यामागचं एक मोठं कारण असल्याचं अभ्यासकांना आढळलं. 'नवख्यांना चावू नका' असा दंडक तिथे लिहिलेला असूनही! या माणसांना हौस नव्हती असं कोण म्हणेल?

म्हणून जुन्या सदस्यांना माझी कळकळीची विनंती : खोडायचं तर खोडा, पण का खोडलं ते नवख्याला कळेल अशा भाषेत लिहा. आणि 'आयनॅचरलिस्ट'वर असाल, तर रोज दहा मिनिटं 'अज्ञात' म्हणून पडून राहिलेले फोटो उघडा. नाव येत नसेल तर निदान 'कीटक' एवढं तरी लिहा. तेवढ्यानेही तो फोटो कीटकांच्या जाणकारांच्या यादीत जाऊन पडतो.

आपली,
एक वाचक