आई, तो जांभळा रस जमला!

ती. आई-बाबांना,
सा. नमस्कार.

आई, तुम्ही इथे अमेरिकेत आला होतात तेव्हा डायनरमध्ये, म्हणजे त्या साध्या हॉटेलात, पॅनकेकवरचा ब्लूबेरीचा जांभळा रस तू बोटाने पुसून खाल्लास आणि हळूच विचारलंस, "हे घरी होईल का गं?" बाबा तेव्हा बिलाचे डॉलर रुपयांत मोजत होते, त्या गडबडीत उत्तर राहूनच गेलं. होतं, आई. पाच रविवार घातले, पण जमलं.

दोन वाट्या ब्लूबेरी, पाव वाटी साखर, दोन चमचे पाणी आणि मीठ अगदी चिमूटभर. मंद आचेवर फळं फुटून रस सुटला की चमचाभर कॉर्नफ्लॉवर गार पाण्यात कालवून घाल. मी पहिल्यांदा कोरडंच भुरभुरवलं. साबुदाण्याएवढ्या गुठळ्या झाल्या, तुझ्या जावयाने मुकाट्याने खाल्ल्या. मग चांगली उकळी येऊ दे, नाहीतर पिठाची कच्ची चव राहते. लिंबू मात्र गॅस बंद केल्यावर पिळ. आंबटासकट उकळत ठेवलं की आलेला दाटपणा मोडतो. हॉटेलवाल्यांची खरी गोम पुढेच आहे: मूठभर फळं आधीच बाजूला काढायची आणि शेवटी घालायची. ती अख्खी राहतात, दाताखाली येतात. पातळ आमटीइतकं असतानाच उतरव, निवल्यावर दाटतं. आणि तिकडे ब्लूबेरीच्या मागे लागू नकोस. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी किंवा तुती घे, फक्त स्ट्रॉबेरीत पाणी घालू नकोस, तिचं तिलाच भरपूर सुटतं.

पॅनकेकवरचा जो गोळा बाबांना आइस्क्रीम वाटला होता ना, ते मध घालून फेटलेलं लोणी होतं! तुझं ताकावरचं लोणी त्याला भारी पडेल. नुसतं मऊ असू दे, वितळलेलं नको. वितळलं की फेटून फुलत नाही.

बाबा, आता तुमच्यासाठी. मार्चमध्ये आम्ही व्हरमाँट राज्यात शुगरहाऊस, म्हणजे मेपलच्या झाडाचा रस आटवून पाक करतात ती जागा, बघायला गेलो होतो. रात्री गोठणारी थंडी आणि दिवसा ऊब असेल तेव्हाच झाडातून रस वाहतो. दिसायला निव्वळ पाणी, साखर जेमतेम २ टक्के. असा साधारण ४० लिटर रस आटवला की १ लिटर पाक मिळतो! दारातच वाफेचा आणि लाकडाच्या धुराचा गोड वास आला आणि मी आजोबांचा हात धरून काहिलीपाशी उभी असल्यासारखं झालं. तिथला म्हाताराही आपल्या गुळव्यासारखाच, पळीच्या कडेवरून पाक कसा ओघळतो ते डोळे बारीक करून बघत होता. मेपलचा पाक महाग का, ते तिथे कळलं. बऱ्याच डायनरमध्ये त्याच्या जागी रंग-वास लावलेला मक्याचा पाकच वाढतात, म्हणजे बिल बघून केलेली तुमची कुरकुर अगदीच चुकीची नव्हती.

घरी येऊन मी पॅनकेकवर काकवी घातली. कोमट करून, वर लोण्याचा गोळा. मला तरी मेपलपेक्षा तीच आवडली. (बाबा, तुम्ही दोन चमच्यांवर थांबायचं. आई, लक्ष ठेव.)

डिसेंबरात येतेय. गुऱ्हाळं सुरू असतील, ताजी काकवी आणून ठेवा. मेपलची बाटली मी आणते. तवा मात्र तुझा बिडाचाच हवा, आई.

तुमची,
लेक