चोरासाठी काठी आहे, जेसीबीसाठी काय?

संपादक साहेब, नमस्कार.

मी घणसोलीला राहतो, सेक्टरमध्ये नाही, गावात. गेल्या पावसाळ्यात रात्री दोनच्या सुमाराला आमच्या दुकानाचं शटर कुणीतरी पहारीने उचकटत होतं, बाबा (वय ७६) कोयता घेऊन बाहेर आले आणि असे काही ओरडले की पोरं पळाली, एकाची चप्पल तिथंच राहिली. सकाळी तक्रार द्यायला गेलो तर हवालदार हसून म्हणाले, बाबा कोयता कशाला, काठी पुरली असती.

त्यावरून मी जरा कायदा वाचून काढला. आपला जीव आणि आपली मालमत्ता, दोन्ही वाचवायचा हक्क आपल्याला आहे, पूर्वी दंडसंहितेत कलम ९७ होतं, १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेचं कलम ३५. चोरी, दरोडा, घुसखोरी, नासधूस, सगळ्याला अडवता येतं पण गरजेपुरतंच, चोर पळायला लागल्यावर मागून वार केला तर आपणच आत. बाबांना हे वाचून दाखवलं तर ते एवढंच म्हणाले की चोर काय कलम विचारून येतो का.

खरी गंमत कलम ३७ मध्ये आहे. सरकारी नोकर पदाच्या अधिकारात, चांगल्या हेतूने काही करत असेल तर ते काटेकोरपणे कायद्यात बसत नसलं तरी त्याच्यापुढे स्वसंरक्षणाचा हक्क चालत नाही, जीव जायची किंवा जबर दुखापतीची भीती असेल तरच चालतो. मला हे पटतं सुद्धा, नाहीतर पंचनाम्याला आलेल्या तलाठ्यावर पण लोक काठी उगारतील. पण माझ्या हातातली काठी काढून घेतली तर बदल्यात मला काय दिलं? नोटीस आणि सुनावणी, बस एवढंच. आणि तेच जर गिळून टाकलं तर?

आमच्या घरामागे पत्र्याची शेड होती, आमच्याच जागेत, रस्त्यावर किंवा गटारावर नाही. परवानगी घेतली नव्हती हे मी आधीच कबूल करतो. शुक्रवारी संध्याकाळी सहाला मीटरच्या पेटीवर नोटीस डकवलेली दिसली, तिच्यावर तारीख तीन आठवड्यांपूर्वीची, आणि शनिवारी साडेदहाला जेसीबी दारात. पथक कुणाचं ते लिहीत नाही. मी मोबाईलवर नोटिशीचा फोटो दाखवत होतो, साहेब म्हणाले बाजूला व्हा नाहीतर सरकारी कामात अडथळा लागेल. आईचे सुक्या बोंबलाचे दोन डबे आत होते ते तरी काढू द्या म्हटलं, तेवढ्यात पत्रा खाली आला. पंचनाम्यात शेड आहे, डबे नाहीत.

१३ नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाने, न्यायमूर्ती भूषण गवई आणि विश्वनाथन यांनी, याच्यावरच तर निकाल दिला होता ना. नोटीस रजिस्टर पोस्टाने पाठवा आणि बांधकामावर पण लावा, मिळाल्यापासून १५ दिवस द्या, म्हणणं ऐकून घ्या, पाडायचा आदेश निघाला की परत १५ दिवस, पाडताना व्हिडिओ काढा. मागची तारीख टाकायची सवय कोर्टाला पण माहीत असावी, म्हणून नोटीस बजावली की लगेच कलेक्टर ऑफिसला ईमेल गेला पाहिजे असंही सांगितलंय. नियम मोडला तर भरपाई अधिकाऱ्याच्या खिशातून. रस्ता, फुटपाथ, नदीपात्र अशा ठिकाणच्या अतिक्रमणाला हे लागू नाही, ते बरोबरच आहे, पण आमची शेड तिथं नव्हती.

काही लोक म्हणतील बेकायदा ते बेकायदा, रडता कशाला. अहो, या भागात ९५ गावांच्या जमिनी शहरासाठी गेल्या, १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला उरणजवळच्या जासईच्या शेतकरी आंदोलनात पाच जणांनी गोळ्या खाल्ल्या, जमीन गेलेल्यांचे नेते दि. बा. पाटील साहेब उभे राहिले म्हणून घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायची गोष्ट पुढे आली. गावठाण तेवढंच राहिलं, पोरांची लग्नं झाली, मग गरजेपोटी खोल्या चढल्या. त्यात काही जणांनी भाड्यासाठी पाच मजले ठोकले हे पण खरं आहे, त्यांना कधी नोटीस येते ते मात्र दिसत नाही. संपत्तीचा हक्क ४४व्या घटनादुरुस्तीने मूलभूत हक्कांतून काढला तरी कलम ३००अ मध्ये आहेच की, कायद्याच्या आधाराशिवाय कुणाची मालमत्ता घेता येत नाही. आमची शेड कायद्याने पाडली असती तर मी स्वतः पत्रे उतरवून दिले असते, पत्रे तरी वाचले असते.

बाबांनी त्या दिवशी कोयता घेतला नाही, ओट्यावर बसून होते. मी माहिती अधिकारात त्या नोटिशीचा जावक नंबर, रजिस्टरचं ते पान आणि कारवाईचा व्हिडिओ मागितलाय. तीस दिवस येत्या सोमवारी संपतात.

एक वाचक, घणसोली गाव, नवी मुंबई