अण्णा, शेरूला चघळायला काय द्यायचं

एडिंबरा,
8 फेब्रुवारी

तीर्थरूप अण्णांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर मायनं सांगितलं की कंदुरीच्या मटणाच्या जेवणानंतर आपल्या पिलाला, शेरूला, दोन दिवस हगवण लागली आणि तुम्ही रात्रीचे उठून त्याच्यापाशी बसत होता. फोनवर धड बोलणं होत नाही, मध्येच आवाज जातो आणि सांगायचं राहून जातं. म्हणून सविस्तर लिहिते आहे. संतोषला वाचायला द्या आणि आखाड्यावरच्या गड्यालाही सांगा. कुत्र्यापुढं टाकणारे हात चार असतात, त्यातल्या एकालाच माहीत असून भागत नाही.

आधी संतोषच्या मागणीचं बोलते. इथल्या दुकानातल्या फोटोत त्यानं वाळवलेले कान आणि कांड्या बघितल्या, तेव्हापासून 'ताई, पाठव' असं चालू आहे. इथं खरंच एक अख्खी भिंत या मालानं भरलेली असते. सशाचे कान, गाईचे कान, कॉड माशाची गुंडाळून वाळवलेली कातडी, बैलाच्या लिंगाच्या कांड्या, हरणाची शिंगं. पण जनावरापासून केलेलं खाणं भारतात आणायला सरकारी परवाना लागतो, ते बॅगेत दडवून पाठवायचं नसतं. आणि खरं सांगू, त्याची गरजही नाही. मुखेडच्या बाजारात खाटकाकडं जे मिळतं त्यातून शेरूचं छान भागेल. कसं ते पुढं लिहिते.

संतोषनं माळेगावच्या यात्रेत कुत्र्यांचं प्रदर्शन बघितलं आणि जानवळहून कारवान जातीचं हे पिलू आणलं, तेव्हा मला फार आनंद झाला. आपल्या भागातली ही जात टिकली पाहिजे. पण त्याचं वय आता चार महिन्यांचं आहे, हे सगळ्यांनी ध्यानात ठेवा. या वयात कुत्र्याचे 28 दुधाचे दात पडायला लागतात आणि सहा-सात महिन्यांचं होईपर्यंत 42 पक्के दात येतात. हिरड्या शिवशिवतात. तुमची चप्पल, वासराचं दावं, बाजेची सुतळी तो कुरतडतो ती खोडी नाही, त्याला काहीतरी चावायला हवंच असतं. त्यासाठी त्याला मारू नका. हक्कानं चावता येईल असं काही त्याच्यापुढं ठेवा, चप्पल आपोआप वाचेल. मोती म्हातारा झाला, पण त्यालाही चघळायला दिलं तर बरं. दातावरची घाण थोडी खरवडली जाते आणि जनावर शांत बसतं.

आता पोटाचं. माझ्या मते शेरूचं पोट मटणानं बिघडलं नाही, एकदम मिळालेल्या चरबीनं बिघडलं. रोज भाकर, ताक आणि एखादं अंडं खाणारं पिलू ते. त्याच्या पोटाला त्याची सवय झालेली. कंदुरीच्या दिवशी कुणी चरबी टाकली, कुणी वजडी, कुणी रश्शातली नळी. इतकं तेलकट एका रात्रीत आतड्याला झेपत नाही, मग ते पाण्यासारखं बाहेर पडतं. मोठ्या कुत्र्यांना तर एकदम खूप चरबी खाल्ल्यानं स्वादुपिंडाला सूज येते. उलट्या थांबत नाहीत आणि जनावर पोट दुखतं म्हणून पाठ वाकवून उभं राहतं. अशी कुत्री आमच्या दवाखान्यात सणासुदीनंतर हमखास येतात. इथं नाताळ असतो, तिथं कंदुरी आणि आखाड.

म्हणून नवी वस्तू द्यायची तर एका वेळी एकच. पहिल्या दिवशी पाच-दहा मिनिटं चघळू द्यायची आणि उचलून ठेवायची. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची शी बघायची. घट्ट असेल तर एक-दोन दिवस थांबून पुन्हा द्यायची, थोडी जास्त वेळ. पातळ असेल तर ती वस्तू बंद, आणि पोट सुधारेपर्यंत दुसरं काहीही नवं नाही. तीन वस्तू एकाच दिवशी दिल्या तर कशानं बिघडलं ते डॉक्टरलाही सांगता येत नाही. दिवसभराच्या खाण्यात दहातला एक वाटा चघळण्याच्या वस्तूचा, त्याच्या वर नाही. या वस्तू दिसायला किरकोळ असतात. अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठाच्या पशुवैद्यांनी 2013 साली बैलाच्या त्या 26 कांड्या तपासल्या, तर एका इंचात 9 ते 22 कॅलरी निघाल्या. म्हणजे वीतभरही नसलेली सहा इंची कांडी सव्वाशे कॅलरींच्या वर जाऊ शकते. त्यातल्या सात कांड्यांवर ई-कोलाय जिवाणूही सापडले. म्हणून अशी वस्तू हाताळल्यावर साबणानं हात धुवायचे. बारक्यानं ती धरून तसाच हात तोंडात घालायचा नाही, हे त्याच्या आईला आवर्जून सांगा.

हाडांचं मात्र मला हात जोडून सांगायचं आहे. शिजवलेलं हाड कोणत्याच कुत्र्याला देऊ नका. कोंबडीचं नाही, बोकडाचं नाही, मोतीलाही नाही. शिजल्यावर हाड ठिसूळ होतं आणि चावताना त्याच्या टोकदार चिपा होतात. त्या घशात रुततात, आतडं फाडतात. हाडं जास्त खाल्ली की शी पांढरी, चुन्यासारखी कोरडी होते आणि कुत्रं कुंथत बसतं. रश्शातल्या हाडाला कांदा-लसूण लागलेला असतो, ते वेगळंच. कांद्यानं कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, शिजवला तरी तो गुण जात नाही. मोती इतकी वर्षं कालवण-भाकर खात आला, त्याला काय झालं, असं तुम्ही म्हणाल. थोडं थोडं पोटात गेलं तर वरून दिसत नाही, म्हणून ते चांगलं ठरत नाही. त्याच्यासाठी मायनं फोडणीच्या आधी दोन तुकडे बाजूला काढून ठेवावेत, एवढंच.

कच्चं हाड चालतं असं पुष्कळ लोक म्हणतात. ते चिपा कमी सोडतं हे खरं, पण जनावराच्या पायाची जाड नळी दात मोडते, आणि कच्च्या मांसावरचे जिवाणू घरात येतात ते येतातच. दात मोडणं म्हणजे काय ते मी इथं जवळून बघते. मागच्या महिन्यात एक लॅब्राडोर आला होता. इथल्या डोंगरातली लाल हरणं दर वर्षी शिंगं टाकतात, ती कापून कुत्र्यांना चघळायला विकतात, तसलंच शिंग याला दिलेलं. मालक म्हणत होता, हल्ली हा एकाच बाजूनं खातो. डॉक्टरांनी ओठ वर केला तर वरच्या मोठ्या दाढेचा बाहेरचा अख्खा पापुद्रा उडालेला, आणि मध्ये गुलाबी ठिपका. तो ठिपका म्हणजे उघडी पडलेली नस. कुत्रं शेपूट हलवत होतं. ती दुखणं सांगत नाहीत अण्णा, खाणं सुरू ठेवतात. शेवटी भूल देऊन दाढ काढावी लागली. आपल्याकडं एवढ्यासाठी कुठं कुठं न्यावं लागेल याचा विचार करा. म्हणून कोणतीही वस्तू देण्याआधी तिच्यावर अंगठ्याचं नख दाबून बघा. नख जरासुद्धा रुतत नसेल तर ती कुत्र्याच्या दातासाठी फार कडक आहे. शिंग, खूर, जाड नळी, सगळं यात बाद होतं.

मग द्यायचं काय? बोकडाचे कान. त्यात कातडी आणि कूर्चा, चरबी अगदी कमी. खाटीक मुंडी भाजतो तेव्हा केसही जळून जातात, तेव्हाच कान मागून घ्या. कानात सरकारी पिवळा बिल्ला असेल तर तो भोवतालच्या तुकड्यासकट कापून टाका, हे विसरू नका. कान स्वच्छ धुवून दहा मिनिटं खळखळ उकळा, मीठ-हळद काही नको. नुसत्या उन्हानं जिवाणू मरत नाहीत म्हणून उकळायचं. मग माळवदावर जाळीखाली पार कोरडे होईपर्यंत वाळवा आणि रात्री आत घ्या. आता उन्हाळा तोंडावर आहे, आपल्याकडच्या उन्हात छान वाळतील. घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. पावसाळ्यात हा उद्योग करू नका, बुरशी धरते. वास आला किंवा पांढरं दिसलं की डबा सरळ रिकामा करा.

बोकडाच्या श्वासाच्या नळीचंही असंच करता येतं, पण ती उभी चिरून घ्या, म्हणजे तिची कडी घशात अडकणार नाही. तिला वरच्या बाजूला दोन्हीकडं चिकटलेल्या मऊ तांबूस ग्रंथी असतात, त्या काढून टाका. थायरॉइडच्या त्या, कुत्र्याच्या अंगातलं संतुलन बिघडवतात. शेरूच्या हिरड्यांसाठी तर साधं गार गाजर पुष्कळ झालं. रताळ्याच्या जाड फोडी वाफवून वाळवल्या तरी तो आवडीनं खाईल.

आंब्याची कोय आणि दाणे काढलेलं मक्याचं कणीस त्याच्या वाटेत येऊ देऊ नका. दोन्ही चघळत चघळत गिळली जातात आणि आतड्यात जाऊन बसतात, मग पोट फाडल्याशिवाय निघत नाहीत. उन्हाळ्यात कोयी अंगणभर पडलेल्या असतात, म्हणून आत्ताच सांगते. द्राक्षं आणि मनुकेही नकोत, त्यानं मूत्रपिंड निकामी होतं.

एक गोष्ट माणसांच्या जिवाची आहे. बोकड पडल्यावर काळीज (म्हणजे यकृत) आणि फुप्फुस कच्चंच कुत्र्यापुढं टाकायची आपल्याकडची रीत बंद करा. शेळ्या-मेंढ्यांच्या काळजात कधी कधी पाणी भरलेले पांढरे फोड असतात. ते एका फीतकृमीचे असतात. कुत्र्यानं ते खाल्ले की त्याच्या आतड्यात जंत वाढतात आणि त्यांची अंडी शीतून बाहेर पडतात. तीच अंडी भाजीतून, हातावरून माणसाच्या पोटात गेली तर माणसाच्या काळजात, फुप्फुसात गाठी होतात आणि त्या वर्षानुवर्षं कळत नाहीत. फोड दिसला तर ते काळीज कुत्र्याला अजिबात नको, खोल पुरा. चांगलं दिसत असलं तरी अर्धा तास उकळल्याशिवाय देऊ नका. आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानं दोन्ही कुत्र्यांना वेळच्या वेळी जंताचं औषध द्या. मोतीला शेवटचं कधी दिलं होतं?

देताना जवळ बसा. देऊन शेताकडं निघून जायचं नाही. वस्तू त्याच्या तोंडाच्या लांबीपेक्षा मोठी हवी. चघळून बोटाएवढी उरली की काढून घ्यायची, कारण शेवटचा तुकडा कुत्रं न चावता गिळतं आणि तिथंच घास अडकतो. पण हिसकावू नका. हिसकावलं की पुढच्या वेळी तो लपवून, घाईनं गिळेल, किंवा गुरगुरेल. उकडलेल्या अंड्याचा तुकडा पुढं करा, तो तोंडातलं सोडतो, मग उचला. आत्ता लहानपणी ही सवय लागली तर मोठेपणी कुणाच्या हाताला दात लागणार नाही. मोती आणि शेरूला एकाच जागी देऊ नका, एक ओसरीवर, एक गोठ्यापाशी. बारक्याला तेवढा वेळ लांब ठेवा. शेजारी पाणी हवंच.

आणि पुन्हा पोट बिघडलंच तर. नुसतीच पातळ होत असेल आणि पिलू खेळतंय, पाणी पितंय, तर बिनमिठाचा मऊ भात आणि कातडी काढलेली उकडलेली कोंबडी, हाडं पूर्ण काढून, थोडं थोडं चार वेळा द्या. पिलाला दिवसभर उपाशी ठेवू नका. घरातल्या गोळ्या, पॅरासिटामॉल नाहीतर ब्रुफेन, मुळीच नको. पण शीमध्ये रक्त दिसलं, उलट्या थांबेनात, पोट फुगलं, कुंथूनही काही बाहेर येत नसलं किंवा तो मलूल पडला, तर वाट बघू नका, सरळ गाडी काढून उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात न्या. चार महिन्यांच्या पिलाला रक्ताची हगवण लागली तर ती हाडानंच लागली असं धरून बसू नका. तो पार्व्हो, म्हणजे पिलांना होणारा विषाणूचा जीवघेणा आजार असू शकतो आणि त्यात एकेक तास महत्त्वाचा असतो. त्याची लस सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करून सोळा आठवड्यांपर्यंत पुन्हा पुन्हा द्यावी लागते. जानवळहून आणताना एक सुई दिली होती असं संतोष म्हणाला. एकीवर भागत नाही. रेबीजचीही तीन महिन्यांनंतर लागते, ती झाली का?

संतोषला म्हणावं, लसीच्या कार्डाचा फोटो मला आजच पाठव आणि शेरूचं वजन करून कळव. धान्याच्या काट्यावर आधी तू एकटा उभा राहा, मग त्याला उचलून घेऊन. कानांचा पहिला घाणा वाळला की मलाही फोटो पाठवा, देण्याआधी मी बघते.

मायला नमस्कार. तिच्या गुडघ्याचं तेल येणाऱ्या माणसाबरोबर पाठवते आहे. बारक्याला गोड पापा.

तुमची लेक,
सुनंदा