एकच दिवस असेल तर

फोर्ट कॉलिन्स, कोलोरॅडो
2 मार्च

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

मे महिन्यात लेकीकडे डेन्व्हरला येतोयस आणि एक दिवस गाइड घेऊन इथल्या आखूड गवताच्या माळावर काढायचाय, हे वाचून बरं वाटलं. दिवस एकच आहे, तर काय बघायचंय ते आधी ठरव. ‘सगळंच’ म्हणालास तर दिवसभर तारेची कुंपणं बघत हिंडशील. सोलापूरजवळचा नान्नजचा माळ तुला पाठ आहे, त्यामुळे ‘इथे आहे काय बघण्यासारखं’ असं तू म्हणणार नाहीस. पण इथला वसंत आठवड्या-आठवड्याला बदलतो. माउंटन प्लवर, म्हणजे माळावरचे मातकट टिटवीवर्गीय पक्षी, मार्चअखेरीला येतात, बिळात राहणारी घुबडं एप्रिलपर्यंत. लार्क बंटिंग, म्हणजे कोलोरॅडोचा राज्यपक्षी, मे उजाडल्याशिवाय दिसत नाही. प्रॉन्गहॉर्न या हरणासारख्या जनावराची पिल्लं मेअखेर ते जूनच्या सुरुवातीला. म्हणून मेचा दुसरा आठवडा धर. पिल्लं हुकतील, बाकी बरंचसं जमेल.

जागा पॉनी नॅशनल ग्रासलँड. तुझ्या लेकीच्या घरून दीड-पावणेदोन तास, इथून तासभर. आऊल्टवरून 14 नंबरच्या रस्त्याने ब्रिग्जडेल गाठायचं. क्षेत्र सुमारे 1 लाख 93 हजार एकर, पण सलग नाही. 1930 च्या दशकात नांगरलेली माती वाऱ्याने उडून गेली, शेतकरी देशोधडीला लागले आणि सरकारने ज्या जमिनी विकत घेतल्या त्यांचं पुढे हे कुरण झालं. ज्यांनी विकल्या नाहीत त्यांच्या जमिनी मध्ये मध्ये तशाच राहिल्या. नकाशा बघितलास तर सोंगट्यांचा पट वाटेल. कुंपणाच्या अलीकडे सरकारी, पलीकडे खासगी, आणि जमिनीवर फरक काहीच दिसत नाही. गाइडचे पैसे वसूल होतात ते इथे. पाखरू तूही शोधशील, पण कुठल्या फाटकातून आत जायचं आणि कुठल्या नाही, हे त्याला ठाऊक असतं.

बुकिंगच्या वेळी त्याला तीन गोष्टी विचार. पैसे घेऊन लोकांना आत नेणाऱ्याला फॉरेस्ट सर्व्हिसचा, म्हणजे इथल्या वनखात्याचा, परवाना लागतो, तो आहे का? पक्षी जवळ यावा म्हणून ध्वनिमुद्रित आवाज वाजवतोस का? ‘हो’ म्हणाला तर दुसरा गाइड बघ. आणि पावसाने दौरा रद्द झाला तर पैशांचं काय? पॉनी बुट्सचे, म्हणजे माळावर उभ्या असलेल्या दोन सुट्या टेकड्यांचे, कडे दाखवतो म्हणाला तर आणखी एक विचार: कुठून? तिथे ससाणे आणि गरुड घरटी करतात, म्हणून 1 मार्च ते 30 जून कड्यालगतचा भाग आणि ओव्हरलुक, म्हणजे वरून बघायची जागा, बंद असतो. मे महिन्यात ‘ओव्हरलुकवरून फोटो’ असं आश्वासन देणाऱ्याला एक तर नियम माहीत नाही, नाही तर पाळायचा नाही. शिवाय बुट्स पूर्वेच्या भागात आहेत, ब्रिग्जडेलपासून कच्च्या रस्त्याने बराच वेळ जातो. एका दिवसात मी ते धरणार नाही. खर्च वाचवायचा असेल तर डेन्व्हर फील्ड ऑर्निथॉलॉजिस्ट्स या जुन्या संस्थेच्या सहली बघ. स्वयंसेवक नेतात, आणि चांगले नेतात.

निघायचं अंधारात. तेव्हा सूर्योदय पावणेसहाच्या आसपास असतो आणि त्या वेळी ब्रिग्जडेलच्या पुढे असायला हवं. नऊ-साडेनऊनंतर जमीन तापते, हवा थरथरू लागते आणि टेलिस्कोपमधून प्लवर नुसता वितळताना दिसतो. म्हणून 60 पट मोठं दाखवणारी नळी असली तरी वापर 20 ते 30 पटींचाच. तिपाईचे पाय पूर्ण उघडू नकोस, वारा फार. बसून बघता येईल एवढी खाली ठेव. गाडीतून बघताना इंजिन बंद, नाही तर चित्र हलतं. दुर्बीण तुझी 8×42 चालेल.

माळावर गाडी हीच लपण. पाखरं गाडीला जुमानत नाहीत, माणूस उतरला की पळतात. ताशी 25-30 किलोमीटरच्या वर जायचं नाही, आणि चढाच्या माथ्यालगत थांबायचं नाही, पलीकडून रँचवाल्यांचे ट्रक सुसाट येतात.

माउंटन प्लवरसाठी सगळ्यांत उजाड जागा बघायची. उंच गवतात तो जात नाही. गुरांनी खरडून खाल्लेलं, जळालेलं किंवा प्रेअरी डॉगांनी (बिळात वसाहत करून राहणाऱ्या खारीच्या कुळातल्या प्राण्यांनी) साफ केलेलं रान त्याला लागतं. चाल आपल्या धाविकासारखी, चार पावलं पळायचं आणि थांबायचं. थांबून तुझ्याकडे पाठ केली की संपलं, पाठीचा रंग मातीचाच. म्हणून नजर हालचालीवर ठेव, रंगावर नको. अंडी साधारण तीन, नुसत्या खळग्यात. बऱ्याचदा एक खळगा नर उबवतो, दुसरा मादी. पक्षी तुझ्याभोवती पळू लागला किंवा पंख पाडून लंगडू लागला तर जवळच अंडी आहेत. अशा वेळी आलेल्या वाटेने लगेच मागे फिरायचं, कारण उन्हात उघडी पडलेली अंडी थोड्याच वेळात शिजतात. फोटोसाठी तिथेच रेंगाळू देणारा गाइड, माझ्या मते, गाइड नव्हे.

त्याच उजाड रानावर थिक-बिल्ड लाँगस्पर हा चिमणीएवढा पक्षी असतो. जुन्या पुस्तकात तो मॅककाउन्स लाँगस्पर म्हणून सापडेल, नाव 2020 मध्ये बदललं. नर गात गात वर चढतो आणि पंख वर धरून तरंगत खाली येतो, तेव्हा शेपटीचा पांढरा भाग बघून घे.

प्रेअरी डॉगांच्या वसाहतीला मात्र तासभर दे. ते ओरडायला लागले की आधी आभाळात बघ. फेरुजिनस हॉक हा शिकारी पक्षी किंवा सोनेरी गरुड असायची शक्यता. जुन्या बिळांच्या तोंडाशी घुबड उभं असतं, आपल्या पिंगळ्याच्याच कुळातलं, फक्त पाय लांब. बिळाच्या तोंडाशी ते शेण आणून पसरतं, त्यावर शेणकिडे येतात आणि जेवण दारात मिळतं. स्विफ्ट फॉक्स आपल्या खोकडासारखा, मांजराएवढा आणि निशाचर. दिसला तर पहाटे किंवा तिन्हीसांजेला. त्याच्या बिळाची जागा गाइडने सांगितली नाही तर राग मानू नकोस.

या वसाहतीत बिळाच्या उंचवट्यावर बसायचं नाही, आणि मेलेल्या प्राण्याला हात लावायचा नाही. या प्राण्यांत प्लेगची साथ येते आणि ती पिसवांमधून पसरते. मे महिन्यात रॅटलस्नेकही बिळांच्या आसपास ऊन खात पडलेले असतात. आणि फोटोसाठी गुडघा टेकण्याआधी खाली बघ, निवडुंग गवताच्याच उंचीचा असतो.

प्रॉन्गहॉर्न शोधावे लागत नाहीत. ताशी 80 किलोमीटरच्या वर पळणारं हे जनावर कुंपणावरून उडी मारत नाही, खालून सरपटतं. म्हणून जाणता रँचवाला सगळ्यांत खालची तार बिनकाट्याची, जमिनीपासून साधारण 16 इंचांवर ठेवतो. गाइड सांगेल तेव्हा तारा मोजून बघ, कुणाचं रान कसं राखलंय ते कळेल.

दहानंतर ब्रिग्जडेलजवळच्या क्रो व्हॅलीच्या झाडांखाली ये. मैलोन्‌मैल झाड नसलेल्या माळावर एवढीच राई, त्यामुळे वाटेवरची स्थलांतरित पाखरं इथेच उतरतात. स्वच्छतागृहही इथेच. दुपारचं जेवण बरोबर ने. शेंगाचटणी आणि दशम्या आणल्यास तर थोड्या माझ्यासाठी ठेव. पाणी माणशी तीन लिटर, कारण उंची सुमारे 1,500 मीटर आणि हवा कोरडी. पहाटे शून्याच्या जवळ, दुपारी पंचवीस अंश, तेव्हा कपडे एकावर एक घाल. फोनला रेंज नसते, नकाशा आधीच उतरवून ठेव. पेट्रोल आऊल्टला भर. फाटक जसं होतं तसंच सोडायचं, उघडं तर उघडं. शनिवार-रविवार टाळ, बंदुकीच्या नेमबाजीला बरेच लोक येतात. पाटी लावलेलं, कुंपणातलं काँक्रीटचं झाकण दिसलं तर कुतूहलाने थांबू नकोस, ते क्षेपणास्त्राचं भुयार असतं.

बेत फसतो तो बहुधा रस्त्यामुळे. इथली चिकणमाती भिजली की चाकांत गच्च बसते आणि चारही चाकांना जोर देणारी गाडीसुद्धा जागची हलत नाही. आदल्या रात्री पाऊस झाला असेल तर गाइड नाही म्हणेल, आणि त्याचं बरोबर असेल. दुपारी दोननंतर पश्चिमेला ढगांचा मनोरा चढताना दिसला तर परत फिरायचं. विजेला त्या सपाटीवर तुझ्यापेक्षा उंच काही नसतं, आणि गारा काच फोडतात.

पावसाने बेत मोडलाच तर डेन्व्हरलगतच्या रॉकी माउंटन आर्सेनल अभयारण्यात जा. 1942 मध्ये तिथे रासायनिक शस्त्रांचा कारखाना उभा राहिला होता, आता अमेरिकन गवे (बायसन) आहेत. 11 मैलांचा गाडीरस्ता आहे, गाइड लागत नाही. प्रेअरी डॉग भरपूर आणि घुबडंही दिसू शकतात. तिथे काळ्या पायांचे फेरेट (मुंगसासारखे छोटे शिकारी प्राणी) सोडलेत, पण ते रात्री हिंडतात, त्यांच्यासाठी थांबू नकोस. गाडीतून उतरायचं ते ठरवून दिलेल्या जागीच. गवा रस्त्यात बसला तर हॉर्न न वाजवता थांब.

तारीख पक्की झाली की कळव. टेलिस्कोप भारतातून उचलून आणू नकोस, माझा घे.

तुझा,
अविनाश